इंजिनाच्या पांढऱ्या काचा

सर, तुमचं पुठ्ठ्याचं इंजिन आज माझ्या दुकानात आलंय. काकू स्वतः घिऊन आल्या, दौंडवरनं दोन गाड्या बदलून, काचेची पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून. शिक्रापूरच्या चौकात ट्रक थांबवत, पेटी छातीशी धरून त्या रस्ता वलांडत व्हत्या तवा मला वाटलं, कुणीतरी देव बसवायला चाललंय. दुकान माझं स्वतःचं हाय बरं का. तुम्ही म्हणायचा, ह्यो एक तर जेलात जाईल, न्हाईतर नाव काढंल. जेल अजून लांब हाय. प्लॉटिंगवाले त्यांच्या स्कीमची मॉडेलं माझ्याकडनं करून घेत्यात. जिथं नुसत्या बाभळी हायेत तिथं मी गार्डन आन् स्विमिंग पूल बसवून देतो. बाकी येळंला रिपेरी. कंपनीतल्या पोरांचे चष्मे, मिक्सरची झाकणं, रिमोटच्या गाड्या, देवघरातल्या मूर्तींचे हात. पातळ सुपर ग्लू माझ्याएवढा सफाईनं ह्या हायवेला कुणी वापरत न्हाई, आन् हे मी उगाच फुगून सांगत न्हाई.

काकूंनी पेटी टेबलावर ठिवली. "वळखलंस का रं?" म्हणल्या. मी म्हणलं, "कुणाला, इंजिनाला का तुमाला?" "वाह्यात ते वाह्यातच ऱ्हायलं," म्हणल्या आन् हसल्या. त्या आता दौंडचं घर सोडून लेकीकडं चालल्यात, कायमच्या. सामान बांधताना इंजिनाचं एक चाक निघालं. चिमणी तर पहिल्यापास्नं हालतीय. "आन् ह्या काचा बघ, पांढऱ्याफेक. स्वच्छ कर. आतलं दिसू दे एकदा. नातू सारखा विचारतोय, डायवर कुठं बसतो म्हणून." मी म्हणलं, रविवारी घिऊन जावा. त्या गेल्या, आन् मी शटर अर्धं खाली वढून बसलो. कारण आत काय हाय ते काकूंना ठाऊक न्हाई. मला ठाऊक हाय. तुमाला ठाऊक व्हतं का, एवढंच मला बारा वर्षं कळलेलं न्हाई.

सुरुवात बोटापास्नं झाली. नववीत मी पुढच्या बाकावरच्या पोराची कंपासपेटी बाकाला चिकटवायला गेलो आन् माझंच बोट चिकाटलं. वर्गातली पोरं हसायला लागली. मी बोट वढणार एवढ्यात तुम्ही आलात. "वढू नको, कातडं निघंल. गरम पाणी आणा रं, आन् साबण." तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसून बोटाखाली पाणी सोडत व्हता, दहा मिनटं, पंधरा मिनटं, एक बी शिवी न देता. बोट सुटलं तवा मला वाटलं, आता छडी. तर तुम्ही मला कार्यशाळेत नेलं. "चिकटवायचंच हाय ना, मंग नीट शिक." तुमची वाक्यं मला अजून तोंडपाठ हायेत. जोड आधी कोरडा बसवायचा, नखाला लागू नये एवढा. मंग फटीच्या टोकाला सुईनं एक टिपूस ठिवायचं. ह्यो पाण्यासारखा पातळ हाय, त्यो आपला आपण आत पळतो, तू त्याला ढकलू नको. मोठी फट आसंल तर आधी खायचा सोडा भर, मंग थेंब टाक, दगड हुतो. वढलं तर सुटायचा न्हाई, पर आडवा धक्का दिला तर लगीच सोडतो. आन् शेवटचं तुम्ही सांगत व्हता, तवा मी खिडकीतनं बाहेर बघत व्हतो, कारण बाहेर शिपायाच्या सायकलला मी बांधलेलं घमेलं आत्ता वाजणार व्हतं. ते शेवटचं वाक्य मला लई मागनं कळलं, चिकटवल्यावर लगीच झाकून ठिवायचं न्हाई, गमची वाफ निघून जाऊ द्यायची.

सगळा घात त्या वाक्यानं केला. 

त्या शनवारी दुपारी तुम्ही मला घरी बोलावलं व्हतं, पतंगाच्या काड्या तासायला. तुम्ही टेशनावर कुणाला तरी सोडायला गेलात, काकू मागं कपडे वाळत घालत व्हत्या. इंजिन फळीवर, काचेच्या पेटीत. काय केलं व्हतं तुम्ही ते, सर! पुठ्ठ्याचा बॉयलर, बांगड्यांची चाकं, रिफिलच्या नळ्या, शर्टाच्या डब्याच्या प्लास्टिकच्या काचा, आन् डायवरच्या खोलीला मागनं छत्रीच्या कापडाचा पडदा. सगळं व्हतं, पर डायवर न्हाई. मला ते बघवंना. माझ्या खिशात भुईमुगाच्या शेंगा व्हत्या. एक शेंग घितली, मधी बारीक, वर डोकं, खाली प्वाट, डिट्टो माणूस. पेनानं तिला लांब मिशा काढल्या. इंजिनाचं छप्पर हळूच उचललं, शेंगेच्या बुडाला एक थेंब, आन् डायवर ड्यूटीवर हजर. एकटाच खी खी हसलो. मंग छप्पर बसवताना इंजिन मांडीवरनं घसरलं.

चिमणी वेगळी, छपराचे दोन तुकडे. मी घाबरलो का? न्हाई. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, आता आपली कला दाखवू. खोली दोन बोटांत गच्च धरली, ह्या काचंवर आंगठा, त्या काचंवर पहिलं बोट, आन् वतला गम. टिपूस कसलं, धारच. चिमणीला बी तसंच. पाच मिनटांत इंजिन उभं. पेटीची काच लावली, फळीवर ठिवलं, आन् काड्या तासत बसलो. तुम्ही आलात तवा म्हणलात बी, "आज फारच शाना बसलाय."

सोमवारी तुम्ही मला पुन्हा घरी नेलं. पेटी टेबलावर. डायवरच्या खोलीच्या दोन्ही काचा दुधावाणी पांढऱ्या, आन् एका काचंवर माझा आंगठा, दुसरीवर माझं बोट, रेघ न् रेघ उठलेली, तलाठी हापिसात शाई लावून बी एवढा झ्याक उठत न्हाई. बंद पेटीत वाफ कोंडली की ती बोटाच्या डागांवर जाऊन बसते, हे मला आज ठाऊक हाय. तवा न्हवतं.

"कशानं झालं आसंल?" तुम्ही इचारलं.

"मांजर," मी म्हणलं.

काकू आतनं म्हणल्या, "मी म्हणतच व्हते! त्या मेल्या बोक्याचं दूध बंद करते आजपास्नं."

तुम्ही चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मांजरानं पाडलं, मान्य. पर मांजरानं चिकटवलं बी?"

मी म्हणलं, "तुमच्या घरचं मांजर हाय सर, बघून बघून शिकलं आसंल."

मला अजून दिसतंय, तुमचे व्हट हालले, हसू आलं का राग, कळलं न्हाई. मंग तुम्ही इंजिनाकडं बघत सांगितलं की ह्ये तुमच्या वडलांचं इंजिन. वडील दौंडला डायवर व्हते, कोळशाच्या इंजिनावर. ते गेल्यावर तुम्ही आठवून आठवून केलं, दोन वर्षं लागली. "डायवर तेवढा जमंना मला," तुम्ही म्हणलात. "लई लांब मिशा व्हत्या त्यांच्या. माझ्या हातनं त्या येईनात, म्हणून जागा मोकळी ठिवली."

सर, त्या मोकळ्या जागंत माझी शेंग बसलेली व्हती. मला मिशांचं काय ठाऊक? पर तुम्ही छप्पर उघडलं तर म्हणणार, ह्यानं माझ्या बापाची चेष्टा केली. म्हणून मी मांजरालाच धरून बसलो. तुम्ही बी आंगठ्याकडं बोट दाखवलं न्हाई. नुसतं शाळेतलं मोडकं सगळं माझ्यापुढं आणून टाकलंत. पृथ्वीचा गोल, हार्मोनियमची पट्टी, प्रयोगशाळेतल्या सांगाड्याचा जबडा. वर्षभर शाळा सुटली की मी तुमच्या कार्यशाळेत. दहावीत गणितात माझी दांडी उडाली, पर त्या जबड्याचा जोड अजून कुणाला सापडायचा न्हाई. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आजारी हायेत म्हणून भेटायला आलो व्हतो, तवा बी इंजिन समोर फळीवर, काचा तशाच पांढऱ्या. मी मोसंबी ठिवली आन् क्रिकेटचं बोलून निघून आलो.

आज आधी चाक लावलं. मंग चिमणी. माझी जुनी जोडणी बघून मलाच लाज वाटली, गम मेणबत्तीवाणी वघळलेला. खरडून काढली, सोडा भरला, एक थेंब, दगड. आता ऱ्हायली ती खोली. काचा बदलायच्या तर छप्पर काढायला लागणार. भिंग लावून छपराचा जोड बघितला आन् माझा हात थांबला. ही जोडणी माझी न्हवती. माझी गबाळी आसती. ही केसाएवढी, सरळ, कुठं एक थेंब वर न्हाई. अशी जोडणी मी आयुष्यात एकाच माणसाच्या हातची बघितलीय. म्हंजी तुम्ही उघडलं व्हतं. उघडून, परत बंद केलं व्हतं.

पात्याचा आडवा धक्का दिला. छप्पर सुटलं.

शेंग व्हती. तिथंच, माझ्या थेंबावर घट्ट. मिशा जरा फिक्या पडल्यात. पर तिच्या डोक्यावर टोपी व्हती, छत्रीच्या काळ्या कापडाची, नखाएवढी, शिवलेली. गळ्यात लाल दोऱ्याचा रुमाल. आन् काडीचा एक हात, पुढं दांड्यावर ठिवलेला, गाडी चालवणारा. मी खुर्चीत बसून मोठ्यानं हसलो, सर. शेजारचा टायरवाला डोकावून इचारून गेला, काय झालं. मंग हसता हसता दुसरंच व्हायला लागलं, तवा मी शटर पुरं खाली वढलं.

नव्या काचा कापल्यात. त्या पातळ गमनं लावल्या न्हाईत, लाकडाला लावायच्या पांढऱ्या गमनं लावल्यात, त्यो काचंला धुकं आणत न्हाई. डायवर आता दोन्ही बाजूंनी लख्ख दिसतोय. पेटी उघडी ठिवलीय, रविवारपतुर. काकू इचारतील, ह्यो कुणी बसवला, तर सांगणार, मी बसवला आन् सरांनी त्याला कामाला लावला. बोक्याची बी माफी मागणार, त्यो आता कुठं हाय देवाला ठाऊक. आंगठ्याची काच मात्र काकूंना देणार न्हाई. ती ड्रॉवरमधी ठिवलीय आन् ह्यो कागद तिच्याच खाली जाईल, कारण तुमचा आत्ताचा पत्ता मला कुठनं मिळणार?

एक ऱ्हायलं. त्या शनवारी माझ्या खिशात जी गमची बाटली व्हती, ती तुमच्या कार्यशाळेच्या कपाटातली. तुम्ही आठ दिवस हुडकत व्हता आन् मी तुमच्यासंगं वाकून, बाकाखाली हुडकत व्हतो.