न विसळलेल्या बशा

सोमवार, ३ तारीख

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशांना डाग होते, सोड्याने घासल्या. नंतर शुद्ध पाण्याने तीनदा विसळायचं असतं. पण कॅन रिकामा, आणि भरलेले कॅन ज्या खोलीत तिची किल्ली स्टोअरवाल्याकडे. तिथे चौघे पुरुष हसत बसलेले. दारापर्यंत गेले, परत फिरले. बशा फडक्याने पुसून ठेवल्या. स्वच्छ दिसत होत्या.

बुधवार, ५

त्याच बशांत आमच्या मोठ्या मॅडमनी काल कोंबांचे तुकडे द्रावणात ठेवले होते. आज पट्टी लावली — जेवढे होते तेवढेच. वाढायला हवे होते. वहिनी इथेच द्रावणं बनवते, तिला म्हणाल्या, "द्रावण तूच केलंस ना?" मी भिंतीकडे बघत राहिले.

घरी येताना वहिनीला विचारलं, कोंब वाढतात कसे? खूश झाली. मी कधी काही विचारत नाही ना. म्हणाली, पेशीला बारीक पंप असतात. ते आतले प्रोटॉन, म्हणजे आंबटपणाचे कण, बाहेरच्या भिंतीत ढकलतात. भिंत आंबट झाली की सैल पडते, मग आत पाणी शिरतं आणि पेशी ताणली जाते. "पोटभर जेवायचं तर आधी नाडी सैल करावी लागते ना वन्सं, तसं."

हसले. मग विचारलं, आंबट झालीच नाही तर?

"तर नाडी घट्टच. पंप बिचारे उपसतायत, उपयोग शून्य."

माझी शाळा आठवीत सुटली. पण सोडा आंबटपणा मारतो एवढं कळतं. आणि तो मी बशांवरून विसळलाच नव्हता.

गुरुवार, ६

वहिनीने विचारलं, "बशा तीनदा विसळल्यास ना?"

मान हलवली. हो म्हणून.

शुक्रवार, ७

वहिनीला कायम करायचा कागद याच महिन्यात निघणार होता. मॅडमनी थांबवलाय. दादा तिलाच म्हणतो, "तुझं लक्ष असतं कुठे?" ती द्रावणाची आकडेमोड परत मांडून बसली, तीनदा केली. चूक सापडेना. सापडणार कशी — त्या कागदात ती नाहीच.

'हिला तोंड नाही, पण हात चांगला आहे' असं सांगून तिनेच मला इथे लावलं. उद्या सांगते. नक्की.

शनिवार, ८

मॅडमना सांगितलं. सोडा, किल्ली, फडकं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बशांचाच संशय होता मला. पण तुझी वहिनी म्हणाली, माझी नणंद खोटं बोलत नाही. 'चूक माझीच' असं तिने आज सकाळी लिहून दिलं आणि काम सोडून गेली."