निंबाखालची दुसरी खाट

अमरावती, १२ जुलै १९५८

प्रिय गुलाम नबी,

उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण शेवटी सांगतो. तापातून उठल्यापासून तुझा पोरगा दाऊद अंथरूण धरून आहे, डॉक्टरला रोग सापडत नाही, तेव्हा नागपंचमीपर्यंत माझ्या आखाड्यात ठेवून त्याला चांगला रगडून काढ, असं लिहितोस. अकोल्याहून मोटारीत बसवायचा दिवसही ठरवून मोकळा झालास! आपण दोघांनी एकाच वस्तादाची काठी खाल्ली, म्हणून सरळ सांगतो. मी त्याला एक बैठकसुद्धा मारू देणार नाही, आणि तूही घरी मारायला लावू नकोस.

गेल्या साली फ्लूची साथ आली तेव्हा माझी भागीरथाही पडली. ताप पाच दिवसांत उतरला, पोरगी मात्र उठली नाही. डॉक्टर म्हणाला, काही नाही, लाडावलीय, चालवा तिला. मला बरंच वाटलं. माझ्याकडे दुसरं औषध होतं कुठे? बारा नमस्कार घालायला लावले. हसत घातले तिनं. दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. दोन दिवसांनी जरा उठली की मी पुन्हा बारा घालायला लावायचो, आणि पुन्हा तेच. मला वाटे, आळस मुरलाय. बाराचे वीस केले. "बाबा, मी सोंग नाही करून राहिली," एवढंच म्हणायची. महिन्याभरात भाकरीचा तुकडा मोडायलाही तिला आई लागायला लागली. पन्नास पैलवान घडवले या हातांनी, आणि घरची पोर याच हातांनी मोडली.

तुला मी कळवलं होतं, भागी तिवस्याला मामाकडे गेलीय. थाप होती ती. मागच्या खोलीत पडून होती. वस्तादाची लेक अंथरुणात, हे मला सांगवत नव्हतं.

शेवटी भागीची आई, आमची दुर्गाबाई, दारात आडवी उभी राहिली. "आता हात लावून पाहा पोरीले!" तेव्हापासून कायदा उलटा. आपण जन्मभर दमल्यावरही एक बैठक जास्त मारली; भागीला दमायच्या आधीच थांबवायचं. ओसरीपर्यंत चालवत असेल तर उंबऱ्यापर्यंतच जायचं. डाळ निवडायची तर एक मूठ. चार महिने झाले, भाकर मोडते, वेणी घालते. पळत नाही, आणि कधी पळेल ते मी विचारत नाही. आखाड्याचे पंच शेषराव म्हणतात, "वस्ताद, लोक हसून राहिले." हसू देत. ज्याला जास्त हसू येतं त्यानं लंगोट लावून मातीत उतरावं. अजून दोघांना पुरून उरेन.

दाऊदला आणायचंच तर झोपवून आण. आखाड्याच्या कडेला निंबाखाली भागीची खाट आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दुसरी मी कालच विणून घेतली.

हे अक्षर माझं नाही, हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. मी सांगतो, भागी लिहिते. रोज पाच ओळी. सहावी तिनं मागितली तरी मी देत नाही, म्हणून इतके दिवस लागले. वरची तिवस्याच्या थापेची कबुलीही तिच्याच हातानं लिहवून घेतली, मान वर न करता लिहिली तिनं. वरचं 'मोडली' मात्र लिहीना. मी हट्ट धरला, तेव्हा म्हणाली, "लिहितो बाबा, पण मी नाही मोडली." तेही लिही म्हटलं. तेवढी ओळ दाऊदला वाचून दाखव.

तुझाच,
खुशालराव