बसू तुझ्या समोर आला नाही

प्रिय अण्णा,

"माझ्या नजरेसमोर येऊ नको."

बारा वर्षांपूर्वी लातूरच्या दवाखान्यात तू आपल्या धाकट्या भावाला एवढं एकच वाक्य बोललास. तुझा डावा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. मी तुझ्या पायथ्याशी उभी होते आणि बसू चहाचा थर्मास घेऊन दारात. त्यानं थर्मास खाली ठेवला आणि तो निघून गेला. त्या वाक्याचं पुढं काय झालं, हे तुला कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, तरी मीही नाही.

आज लिहायला बसले, कारण आपली मालिका परवा संपली. हो, तीच, भुताची. तू अर्ध्यावर सोडून गेलास ती.

शेवट सांगते. धाकट्यानं चुकून ज्याचा जीव घेतला, तो थोरला भाऊ शेवटच्या भागात झोपाळ्यावरून उठतो. इतके दिवस तो नुसता बसून होता आणि धाकट्याशिवाय कुणाला दिसत नव्हता. तो धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवतो, माफ केलं म्हणतो आणि उजेडात विरून जातो. मालिका संपली तशी मी भाकरी थापायला घेतली आणि नेहमीसारखा मुदखेडहून बसूचा फोन आला.

"अक्का, शेवट पटला न्हाई," तो म्हणाला. "मेलेलं माणूस कुठं माफ करत असतंय? ते जित्तेपणी व्हायला पाहिजे होतं."

 माझी भाकरी तव्यावर करपली. तेव्हाच ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

अण्णा, तुला ठाऊक होतं का, की बसूसुद्धा तीच मालिका बघत होता? लातुरात तू, मुदखेडात तो, आणि मधे नांदेडला मी. आठ वाजता भाग संपायचा. आधी तुझा फोन यायचा, मग त्याचा. तू म्हणायचास, "ह्या भुताला कायी कामधंदा हाय का न्हाई? नुसतं झोपाळ्यावर बसून राहिलंय." तो विचारायचा, "भुताच्या सदऱ्याला रोज इस्त्री कोण करतंय, अक्का?" मी दोघांनाही हसायचे आणि एकाचं दुसऱ्याला काहीच सांगायचे नाही.

गेल्या उन्हाळ्यातला एक फोन मात्र हसण्यासारखा नव्हता. मालिकेतला धाकटा घर सोडून निघाला होता आणि तू अचानक चिडलास. "थोरलं माणूस रागात बोलून जातंय. तेच धरून बसायचं व्हय जन्मभर? थोरल्याच्या मनात कायी न्हाई आता. धाकट्यानं सरळ दारात येऊन उभं ऱ्हावं की."

मी "हं" म्हणाले. तू मालिकेबद्दल बोलत नव्हतास, हे मला कळलं होतं. खरंच कळलं होतं.

दहा मिनिटांनी बसूचा फोन. "धाकट्याला जायला तोंड न्हाई, अक्का. थोरल्यानं बोलावल्याबिगर कसं जावं त्यानं?"

तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बोलावलंय रे त्यानं. पण म्हणाले नाही. का? स्वतःला सांगितलं, की भावाभावांचं आहे, त्यांनीच बोलावं. हे कारण चांगलं दिसतं. खरं कारण तसं नाही. तुम्ही दोघं आठवड्यातून पाच दिवस मला फोन करत होता. लग्नानंतर वीस वर्षांत माहेर माझ्याशी इतकं कधी बोललं नव्हतं. तुमचं जमलं असतं तर तुम्ही एकमेकांना फोन लावला असता. मला कुणी लावला असता?

तो फोन झाला आणि तीन आठवड्यांत तू गेलास. आपल्या डाळ मिलमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या.

तुझ्यावरही माझा राग आहे, अण्णा. लग्नाकार्यात बसू मागच्या दारी आचाऱ्यांपाशी उभा असायचा, तेव्हा तू म्हणायचास, "मग्रूर हाय. समोर येत न्हाई." अरे, येऊ नको असं तूच सांगितलं होतंस ना? तू रागात बोललास आणि विसरलास. तो मात्र ते पाळत राहिला. तू जेवायला मांडवात आलास की तो चुलीमागं जायचा. त्याच्या त्या पाळण्याला तू अकरा वर्षं मग्रुरी म्हणालास.

चूक त्याची होतीच, त्यालाही मान्य आहे. लाइट आली की आधी यंत्राभोवती एक चक्कर मारायची, हाक द्यायची आणि मगच स्टार्टर दाबायचा, हा मिलमध्ये अप्पांनी आपल्या पोरांना घालून दिलेला नियम. त्या दिवशी त्यानं चक्कर मारली नाही. तू पट्ट्यात अडकलेली तूर काढत होतास. तुझी तीन बोटं गेली. पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलंस की ते घरंगळायचं आणि तू उजव्या हातानं सावरायचास. वहिनी ते मला सांगायची, मी बसूला सांगायचे. हे बरं पोचवलं मी!

आता तुला न दिसलेलं सांगते.

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं तुला विमानात, त्या सजवलेल्या पालखीत, बसवून नेलं. गळ्यात हार, कपाळाला भस्म, तोंड समोर. सगळं गाव तुझ्यापुढं चाललं होतं आणि बसू विमानाच्या मागं. मी त्याला खूण केली, पुढं ये. त्यानं मान हलवली. समाधीच्या खड्ड्यात तुला मांडी घालून बसवलं. स्वामींनी तुझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि ते घरंगळलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलं. बोटंच नव्हती ना धरायला. लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात मागच्या बाजूनं बसू खाली उतरला. मान खाली घालून, तुझ्या तोंडाकडं न बघता, त्यानं आपला तळवा तुझ्या तळव्याखाली धरला आणि बोटं वर वळवली. तुझ्या नसलेल्या बोटांच्या जागी त्याची बोटं. स्वामींनी पांढऱ्या कापडानं लिंग बांधेपर्यंत तो हलला नाही.

परत येताना नळावर हातपाय धुताना तो मला म्हणाला, "समोर गेलो न्हाई, अक्का. त्याचं ऐकलं."

तेव्हाही मी गप्प राहिले, अण्णा. तुझा तो निरोप माझ्या जिभेवर होता आणि मी त्याच्या हातावर पाणी ओतत राहिले. या वेळी वाटलं, सांगितलं तर विचारेल, इतके दिवस कुठं होतीस?

विचारू दे. उद्या रविवार आहे. सकाळच्या गाडीनं मी मुदखेडला जाते. स्टेशनाजवळच्या त्याच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक असलं तरी थांबणार नाही. तुझे शब्द जसेच्या तसे सांगणार. तू ते कधी बोललास आणि मी ते का दाबून ठेवले, तेही सांगणार. तो कदाचित माझ्याशी बोलणं टाकेल. आता त्याच्याशिवाय मला माहेर नाही, हे ठाऊक असून जाते आहे. तुमच्या दोघांसारखी अकरा वर्षं मी वाट बघणार नाही. त्यानं दार लावलं तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. आणि एक दिवस त्याला लातूरला तुझ्या समाधीवर आणीन. मागं नाही, समोर बसवीन. हा शब्द देते तुला.

तो मला विचारणार, "अक्का, हे खरंच अण्णा बोलला, का तू मालिकेतलं सांगून राहिलीस?" माझ्याकडं पुरावा नाही. इतके दिवस गप्प राहिलेल्या बहिणीवर त्यानं विश्वास का ठेवावा?

म्हणून एक मागते. आजोबांना माती देताना अप्पा म्हणाले होते, "आपल्यात मेलेलं माणूस माघारी येत न्हाई, शिवात मिसळतंय." ते वाक्य तू प्रत्येक भुताच्या भागानंतर मला ऐकवायचास. आताही तेच म्हणशील, माहीत आहे. तरी मागते. एकदाच ये, अण्णा. माझ्याकडं नको. स्वप्नात का होईना, पण बसूच्या नजरेसमोर ये.

तुझी,
मंगल