गणपतचा बरफ

जऊळका. वैशाख शुद्ध नवमी, दिवेलागण

गाडीतून उतरलो तेव्हा वाटलं, नेहमीसारखी पोरं माझ्याभोवती जमतील. खांडवा, हैदराबाद, कुठं कुठं हिंडून येतो मी. पण सगळी पोरं गणपतच्या खळ्यावर!

हा गणपत माझ्याच बाकावर बसून माझ्याइतकाच नापास झालेला. शिमल्याला साहेबांच्या क्लबाकडून पगार घेऊन बरफावर हाकी खेळला. गुडघा गेला, तर गावात येऊन उस्ताद झाला. इथं कुठला बरफ? सारवलेल्या खळ्यावर पाणी शिंपतो अन् पोरांना घसरायला शिकवतो. "पडा बे, पयले पडाले शिका!" म्हणे. मीही घसरलो असतो, पण बोलावलं कोणी?

मी बरफ पाहिला तो सरबतवाल्याचा, भुशात गुंडाळलेला. एवढा हिंडलो, मग बरफाकडे जायचं मलाच कसं सुचलं नाही?

एका पोरानं विचारलंच, "भाऊ, तुमी पाह्यला का बरफाचा तलाव?"

"पाह्यला ना." तोंडातून निघूनच गेलं.

"कुठं?"

मी धोतराची धूळ झटकू लागलो. गणपत लंगडत आला अन् म्हणाला, "शिमल्याले. संगंच होतो आमी. लय पडला हा."

सगळी पोरं माझ्याकडे वळली. हवं होतं ते मिळालं, पण तेही त्याच्याच हातून. बरफापेक्षा हेच जास्त झोंबतंय.

आता पोरं म्हणतात, उद्या घसरून दाखवा. सकाळची गाडी किती वाजता असते?