हिल्डेगार्डबाईंचं अस्वल

तीर्थरूप बाबा आणि चिरंजीव याकोब (दोघेही एकच, म्हणून पाकीटही एकच) यांस एनोकचा नमस्कार आणि आशीर्वाद. ज्याचा त्याने उचलून घ्यावा.

तब्येत कशी आहे? बाबांचा गुडघा थंडीत धरायचा, म्हणून विचारतो. तुझं वय चोवीस आहे आणि तू तिकडे राजधानीत, नूकमध्ये, गरम कचेरीत बसतोस हे मी विसरलेलो नाही. पण गुडघा नावाबरोबर येतो की नाही, कोणी सांगावं. (तुझ्या डॅनिश साहेबाने विचारलं होतं म्हणे, की साठीकडे झुकलेला हा माणूस तुला फोनवर 'बाबा' का म्हणतो. त्याला सांग, बाबा गेले त्याच महिन्यात तू जन्मलास, त्यांचं नाव तुला दिलं, आणि आपल्याकडे नाव एकटं येत नाही, माणूस घेऊन येतं. माझी आई, म्हणजे तुझी आजी, तर तुला पाळण्यात 'अहो' म्हणायची आणि सीलच्या काळजाचा पहिला तुकडा तुझ्यासाठी राखून ठेवायची, तुला दात नव्हते तरी.) तेव्हा या पत्रात जिथे 'तू' येईल ते भाच्याने वाचावं, आणि जिथे 'तुम्ही' येईल तिथे जरा ताठ बसावं.

पाकिटावरचा शिक्का बघून चमकला असाल. शिक्का तबिताच्या गावचा आहे आणि पत्र मी तिच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. हो, तीच तबिता. पस्तीस वर्षांपूर्वी मी लग्नाचं विचारलं तेव्हा तुम्ही जिला 'नाही' म्हणालात, आणि कारण दिलंत की त्या खाडीचे लोक मांस फार शिजवतात. मग तिने कार्लशी लग्न केलं. कार्ल भला माणूस होता (मांस अगदी चिंधी होईपर्यंत शिजवलेलं खायचा). त्याला जाऊन काही हिवाळे लोटले. मी आहे तिथेच आहे. मला काय मागायचंय ते तुमच्या ध्यानात आलंच असेल, पण घाई नको. आधी मी इथे कसा पोचलो ते ऐका, नाहीतर म्हणाल पोरगा मुद्दाम वाट वाकडी करून गेला.

यंदाच्या उन्हाळ्यात मी एका लहान जहाजावर कामाला लागलो. परदेशी माणसांना आपला किनारा आणि त्यावरची जनावरं दाखवत ते हिंडतं. माझं काम असं, की बंदूक घेऊन आधी किनाऱ्यावर उतरायचं, अस्वल नाही याची खात्री करायची, आणि मग अस्वल नाही म्हणून हळहळणाऱ्यांचं सांत्वन करायचं. सगळ्यांच्या अंगात जहाजाने दिलेली एकसारखी लाल जाकिटं. ती रबरी होडीतून निघाली की कस्तुरी बैल पलीकडच्या डोंगरावरून बघून घेत आणि आणखी एक डोंगर पलीकडे जात. मंडळी म्हणत, काय हा निसर्गाचा एकांत! एकांत कसला, बैलांनी पळ काढलेला.

जहाजावरची मुख्य मरायके, हॉलंडची. पोरगी कामाला वाघ, पण मनाने हळवी. पहिल्या संध्याकाळी तिने मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि सीलविषयी मनापासून काहीतरी सांगा म्हणाली. मी मनापासूनच सांगितलं. कोवळा सील कसा ओळखायचा, काळीज गरम असतानाच का खायचं, आणि भात-कांदा घातलेल्या सुपाला हाडासकट मांस का लागतं. दोन बाया रडल्या. एकीने रडता रडता पाककृती लिहून घेतली. त्यानंतर मरायकेने मला बाजूला घेऊन ताकीद दिली, की कुठल्याही जनावराला 'चविष्ट' म्हणायचं नाही, 'सुंदर' म्हणायचं. मग काय, देवमासा दिसला की मी म्हणे 'सुंदर', वॉलरस दिसला की 'फारच सुंदर', आणि आवंढा गिळे. एवढं सौंदर्य पाहून माझं वजन उतरलं.

या मंडळींत हिल्डेगार्ड नावाच्या एक जर्मन आजीबाई होत्या. एकट्याच, काठी घेतलेल्या, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आणि दुसऱ्याचं राहिलेल्या. गेलेल्या नवऱ्याच्या आजारपणाची हकीकत त्या जेवताना सांगत, म्हणून त्यांच्या टेबलावर कोणी बसत नसे. (मी बसे. त्यांना डॅनिश येत होतं, आणि त्यांच्या ताटातलं मांस त्या मला देत.) खिडकीशेजारची त्यांची आवडती खुर्ची निवृत्त झालेला एक न्यायाधीश रोज सकाळी बळकावून बसायचा आणि वर यांनाच 'बाई, जरा सरका' म्हणायचा.

तर एके दिवशी डाव्या बाजूला देवमाशाने शेपूट काढलं आणि अख्खं जहाज डावीकडे कललं. मीही तिकडेच. उजवीकडे एकट्या हिल्डेगार्डबाई. त्या म्हणाल्या, "एनोक, तो पिवळा दगड आत्ता जांभई देतोय."

बघतो तर बर्फावर अस्वल. मोठा थोरला नर, आरामात लोळलेला. आता मला सांगा बाबा, मी दुसरं काय करणार होतो? अस्वल मारो कोणीही, ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. लहानपणी शेजारणीच्या सासूने घराच्या खिडकीतून अस्वल पाहिलं आणि तुम्ही बर्फातून दिवसभर पाठलाग करून ते मारलंत, तरी कातडं त्या म्हातारीच्या दारात नेऊन टाकलंत. आणि आई वर्षभर बोलली नाही तुमच्याशी. मी टोपी काढली, बाईंचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि सगळ्यांना बजावलं, की हे अस्वल हिल्डेगार्डबाईंचं आहे. वाटणी त्या करतील.

मरायके पांढरी पडली. पण आदल्याच संध्याकाळी तिने तासभर भाषण दिलं होतं, की इथल्या लोकांच्या चालीरीतींचा मान राखा. टाळ्याही पडल्या होत्या. आता बोलणार कुठल्या तोंडाने? मंडळींनी कॅमेरे खाली केले आणि निमूट रांग लावली. बाईंनी काठी टेकून वाटणी सुरू केली. ज्यांनी कधी हसून बघितलं होतं त्यांना डोकं आणि पुढचे पाय; ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांना पाठ. न्यायाधीशाला मागचा डावा पाय मिळाला, तोही खुर्चीबद्दल चारचौघांत माफी मागितल्यावर. आणि हे लोक इतके सरळ, की ज्याला जो भाग मिळाला त्याने तेवढ्याचाच फोटो काढला. न्यायाधीशाची पाळी येईपर्यंत अस्वल त्याच पायावर बसलं होतं.

रात्रीच्या जेवणाला हिल्डेगार्डबाईंच्या टेबलावर जागा मिळेना. पण न्यायाधीशाने लेखी तक्रार दिली, आणि मरायकेने मला पुढच्या गावात उतरवायचं ठरवलं. (उतरवताना मिठी मारून रडली, हेही लिहितो, नाहीतर तू तिला वाईट समजशील.) ते पुढचं गाव हे. पाहिलंत? मी मुद्दाम आलो नाही.

त्या दिवशी तबिताच्या घरी नातीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचं काफेमिक होतं. गावासाठी दार उघडं, केक मांडलेले. आपल्या रीतीप्रमाणे कॉफी प्यावी, तुकडा खावा आणि दुसऱ्यासाठी जागा सोडावी. पण लाल जाकिटांना ते कोणी सांगितलं नव्हतं. सगळी आत शिरली आणि बसलीच. बाहेर जहाजाच्या एकसारख्या बुटांचा ढीग, त्यात न्यायाधीश दोन्ही डावे घालून गेला. तबिता कपामागून कप भरत होती. केस पांढरे झालेत तिचे. कॉफी ओतताना जीभ अजूनही तशीच दाताखाली धरते. मी बघत राहिलो, आणि ते नेमकं हिल्डेगार्डबाईंच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला दिसलं.

"एनोक," त्या भरल्या घरात मोठ्याने म्हणाल्या, "हिला पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

आपल्या लोकांना सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "मी." मासेमारीच्या तळावर, कार्ल यायच्या आधी दोन उन्हाळे.

तबिता म्हणाली कॉफी गार होतेय, आणि आत गेली. जहाज गेलं, मी राहिलो. छताची गळती काढली, होडी रंगवली, शिजून चिंधी झालेलं मांस खाल्लं. (बाबा, वाईट नसतं.) इकडे सगळं क्षेम आहे.

तुमचा मुलगा आणि तुझा मामा,
एनोक

ता. क. तिला मी काल विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाचं 'नाही' या उंबऱ्यावर अजून पडलंय. ते ज्याने टाकलं त्यानेच उचलावं." तेव्हा बाबा, तुम्ही आता चोवीस वर्षांचे आहात, शहरात राहता, मांस म्हणे मायक्रोवेव्हमध्ये शिजवता. पुन्हा एकदा विचार करा. मला या वयात तुमच्या शब्दाबाहेर जायचं नाही, आणि तिला सोडून परतही जायचं नाही.

ता. क. दुसरा. तबिताने पत्र वाचलं. (पाकीट चिकटवायला दिलं होतं, तर आधी वाचायला बसली.) म्हणते, सगळं खोटं आहे. आमची होडी त्या मासेमारीच्या तळावर लागली तेव्हा ती टेकडीवर बेरी वेचत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून वल्ह्याला शिव्या देत होतो. म्हणजे आधी तिने पाहिलं. हे तिने पस्तीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही, कार्ललासुद्धा नाही. तेव्हा तुमच्याच नियमाने मी तिचा आहे आणि वाटणी तीच करणार. तुम्हाला तिने लग्नाच्या काफेमिकला खिडकीजवळची खुर्ची ठेवली आहे. तुमच्या परवानगीची आता तशी गरज उरलेली नाही. पण बाबा, तरीही एकदा 'हो' म्हणा. मला ऐकायचं आहे.