कॉयरसाठी दहा आवाज

१६ जून, सोमवार
जयंतीच्या कॉलेजात आजपासून रुजू. मानद. म्हणजे पैसे नाहीत, पण खुर्चीला हात आहेत. जयंती शाळेत माझी विद्यार्थिनी होती, आता प्रिन्सिपल आहे. अजून मला मिस म्हणते आणि मी वर्गात शिरल्यासारखी उभी राहते. चांगली सवय आहे, मोडणार नाही.

काम सोपं. बी.ए. म्युझिकच्या मुलांना सांगायचं की कोणते पेपर घ्यायचे, क्रेडिट कशी भरायची, आणि दरवर्षी एक समूह घ्यायलाच हवा, नाहीतर डिग्री नाही. इथे समूह एकच: देवदत्त सरांचा वाद्यवृंद. सतार, हार्मोनियम, ढोलकी, जो येईल तो बसतो. मी जयंतीला म्हटलं, एकच दुकान असेल तर माझी गरज काय? कॉयर सुरू कर. चार आवाजांत गाणारा, नीट. ती म्हणाली, मिस, शनिवारपर्यंत, म्हणजे अठ्ठावीसपर्यंत, दहा मुलं आली तर करू. नाही आली तर विषय बंद.

दहा. चौतीस वर्षं मी शाळेचा कॉयर एका बोटावर हलवला आहे.

संकल्प: कमी बोलायचं, मुलांचं ऐकून घ्यायचं, देवदत्त सरांशी सभ्यपणे वागायचं.

१७ जून, मंगळवार
माझं टेबल वाद्यवृंदाच्या खोलीला लागून. मुद्दाम. भिंतीपलीकडे दिवसभर धिन धिन. देवदत्त सर जीन्सवर कुर्ता घालतात आणि पोरांना राजा म्हणतात. चहा विचारला. मी म्हटलं, मी माझा थर्मास आणते. म्हणाले, झकास. कॉलेजात झकास.

पहिला विद्यार्थी सिद्धेश. तिसरं वर्ष, तबला, भांडुपहून येतो. विचारलं, समूह कोणता घेणार? म्हणाला, आमचे भीमराज गुरुजी म्हणालेत वाद्यवृंद घे. आणि हे सांगताना त्याने मान खाली घातली आणि कानाच्या पाळीला हात लावला.

पश्चात्ताप मला लांबूनही कळतो. आमच्या शाळेत कान पकडला की सिस्टर अगाथा पुढची चौकशी करत नसत, लगेच माफ. मीही माफ केलं. कॉयर म्हणजे काय ते समजावलं. आवाज खोल आहे, बेस होईल. म्हणाला, हो मॅडम. रजिस्टरात पहिलं नाव.

कमी बोलायचा संकल्प उद्यापासून.

२० जून, शुक्रवार
पाच नावं झाली. सगळ्यांची तीच तऱ्हा. कोणी गुरुजी म्हणतो, कोणी बुवा, कोणी ताई, आणि नाव निघालं की हात कानाला. किती घाबरलेली पिढी. या मुलांना कोणीतरी दहशतीत ठेवलं आहे. माझा संशय भिंतीपलीकडे.

आज अक्षता आली. दुसरं वर्ष, गायन, इथेच मुलुंड कॉलनीत राहते. सांगितलं की ती काळी चार पट्टीत गाते. मी म्हटलं, कॉयरमध्ये तुझी काळी आणि माझी पांढरी असं नसतं, पियानो सूर देतो, सगळे घेतात. म्हणाली, पण मॅडम, मग माझा सा कुठे जाणार? मी म्हटलं, सगळ्यांचा जाईल तिथे. हसली. हसणारी मुलगी अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, चांगली बसते.

दहशतीबद्दल जयंतीकडे लेखी तक्रार दिली. ‘मुलं कान धरतात’ असं स्पष्ट लिहिलं. तिने वाचली आणि रुमाल तोंडाला धरून बराच वेळ खोकली. मग म्हणाली, मिस, तुम्ही घरी जाऊन जरा आराम करा ना. बिचारी. ॲडमिशनच्या दिवसांत घसा बसतोच.

२४ जून, मंगळवार
कॉयरची पहिली तालीम, चार वाजता. सहा जणांसाठी स्वरलिपीच्या प्रती काढल्या. आली एकटी अक्षता. बाकीच्यांना निरोप पोचला नसणार. नोटीस बोर्ड फारच आत आहे, कोण जाणार बघायला. (मीच लावायला सांगितला होता, पण जागेबद्दल कोणी मला विचारलं नाही.)

भिंतीपलीकडून सिद्धेशचा तबला ऐकू आल्यासारखं वाटलं. दुसरा कोणीतरी असेल. तबले सगळे सारखेच वाजतात.

अक्षताने अल्टो केला, मी सोप्रानो आणि जमेल तितका टेनर. शेवटची ओळ सुंदर जुळली. तेवढ्यात देवदत्त सरांनी दार वाजवलं. म्हणाले, मॅडम, जरा हळू होईल का, आमचा सूर लागत नाहीये. मी म्हटलं, ते मी पहिल्या दिवसापासून ऐकते आहे.

सभ्यपणाचा संकल्प एकतर्फी पाळता येत नाही.

२६ जून, गुरुवार
नऊ नावं. आता एकच.

दुपारी गिटार पाठीला अडकवलेला एक मुलगा आला. सर्वेश. विचारायला आला होता की टॉयलेट कुठल्या मजल्यावर. मी बसवून घेतलं. कॉयर, श्वास, शिस्त, सगळं सांगितलं. तो पाय हलवत होता, उत्साही आहे. शेवटी म्हणाला, हो मॅडम, हो, घ्या नाव, फक्त सांगा कुठला मजला.

दहा.

जयंतीला मेसेज केला: दहा झाले, पियानो ट्यून करून घे. तिने अंगठा पाठवला. आमच्या काळी प्रिन्सिपल अंगठा पाठवत नसत.

२८ जून, शनिवार
रजिस्टर घेऊन ऑफिसात गेले. क्लार्क म्हणतो, मॅडम, हे रजिस्टर चालत नाही, नोंदणी पोर्टलवर असते, मुलं स्वतः फोनवरून करतात. मी म्हटलं, मग करून टाक. म्हणाला, केलीये त्यांनी. कॉयर: एक. वाद्यवृंद: बाकी सगळे.

मी म्हटलं, पोर्टल बिघडलंय. म्हणाला, नाही मॅडम, चालू आहे. मी म्हटलं, चालू असून असं दाखवत असेल तर जास्तच बिघडलंय.

सर्वेश तर इथला विद्यार्थीच नाही म्हणे. भावाला डबा द्यायला आला होता. सिक्युरिटीची अवस्था बघा.

३० जून, सोमवार
सिद्धेशला टेबलाशी बोलावलं. सोबत अक्षता आली. मी विचारलं, कान धरून शब्द दिला होतास ना?  म्हणाला, मॅडम, मी कान कधी धरला? मी म्हटलं, गुरुजी तुला वाद्यवृंदात ढकलतायत हे सांगताना. शरमेने.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अक्षता म्हणाली, मॅडम, गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपण आपल्या तोंडाने घेतलं, म्हणून. माफी असेल तर ती त्यांची मागायची असते, तुमची नाही.

मी विचारलं, आणि ‘हो मॅडम’?

सिद्धेश म्हणाला, ते पण मान म्हणूनच.

हे मला कोणी आधी सांगायला नको होतं? दोन आठवडे अख्खं कॉलेज कानाला हात लावतंय आणि एकाही स्टाफने समजावू नये, ही व्यवस्था आहे का? तक्रारीवर जयंती का खोकली तेही आता कळलं. खोकलाच नव्हता.

पण एक म्हणजे एक. जयंतीकडे गेले. म्हटलं, अक्षता आहे, मी आहे, सुरू करू. म्हणाली, मिस, एकीचा समूह कसा होणार? अक्षता दारातच उभी होती. म्हणाली, मॅडम, रागावू नका हं. माझं क्रेडिट वाद्यवृंदातच आहे. दुसरा समूह विनाक्रेडिट घेता येतो, तसा तुमचा घेतला. मला वाटलं, नाहीतर मंगळवारी तुम्ही एकट्याच गात बसाल.

मी तिला सांगितलं की मला एकटीने गाण्याची चांगली सवय आहे. घरी रोज गाते. पियानो काही बोलत नाही.

जयंतीने कॉयर बंद केला. कागदही लागला नाही, एक बटण दाबलं.

२ जुलै, बुधवार
गेले नाही. राजीनामा लिहिला. इंग्रजी उत्तम उतरलंय, विशेषतः ‘हो मॅडम’ बद्दलचा परिच्छेद. पाठवला नाही, कारण मानद पदाचा राजीनामा कोणाकडे द्यायचा हे नियमांत कुठेच नाही. तिथेही ढिलाई.

पियानो पुसला. चार आवाजांची जुनी वही काढली. आपण एकच गळा घेऊन जन्माला येतो ही मोठी गैरसोय आहे. एकदा सोप्रानो म्हटला, एकदा अल्टो. एकत्र कसं ऐकू येईल ते मनातल्या मनात जुळवलं. जुळतं. खालच्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाईंनी विचारलं, कोणी आलंय का? मी म्हटलं, हो.

४ जुलै, शुक्रवार
कॉलेजात गेले. थर्मास राहिला होता, दुसरं काही नाही.

देवदत्त सर दारात. म्हणाले, मॅडम, आमच्यात झांज वाजवायला माणूस नाही, पोरं लाजतात, तुम्ही बसाल का? मी म्हटलं, मी पियानोची आठवी ग्रेड केली आहे. म्हणाले, तरी जमेल.

विचार करून कळवते म्हटलं. त्यांना वाट बघायला लावणं आवश्यक आहे. जाताना सोमवारची वेळ विचारून घेतली, केवळ माहितीसाठी.

७ जुलै, सोमवार
बसले. सतरंजीवर. गुडघ्यांबद्दल वेगळं लिहीन.

आत शिरले तर सिद्धेशने तबला सरकवून जागा केली. अक्षता म्हणाली, मॅडम, इथे या, माझ्याशेजारी. म्हटलं, अल्टो डावीकडे बसतो. बसली डावीकडे.

सुरू झालं. थोड्या वेळाने देवदत्त सर थांबले. म्हणाले, मॅडम, तुमची सम चुकतेय. मी म्हटलं, तुम्हा सगळ्यांची चुकतेय. सिद्धेश मागून हळूच म्हणाला, मॅडम, मी मान हलवली की वाजवा. त्याने मान हलवली, मी वाजवली. दुसऱ्यांदाही. मग इतक्या वेळा बरोबर आली की अख्खी खोली एका वेळी एकाच जागी येऊन पोचत होती, आणि त्यात मी होते. हे कॉयर नाही. पण त्या दिशेने थोडी प्रगती आहे, आणि ती माझ्यामुळे.

शेवटी देवदत्त सरांनी विचारलं, मॅडम, तुम्ही गाणं कोणाकडे शिकलात? मी म्हटलं, सिस्टर अगाथांकडे.

सगळे एकदम वळले. माझ्या हाताकडे बघत होते.

कान खाजत होता.