पंख्यापासून तीन हात

परभणी, ३ मे १९४३
इंटरची परीक्षा देऊन औरंगाबादेहून आलो, त्याला आठवडा झाला. आज मोटारअड्ड्यावर उस्तादांच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात शिकायला गेलो. आप्पांना सांगितलं, नुसता बघायला जातो. पेट्रोल सगळं लढाईवर, म्हणून सोनपेठची मोटार आता कोळशाच्या गॅसवर चालते. मागं ही मोठी भट्टी. पेटवायची, वारा घालायचा, मग कुठं बाईसाहेब खोकत जाग्या होतात. मला ते खोकणंसुद्धा गोड वाटलं. काय करावं!

४ मे
घोटाळा. चालू इंजिनावर वाकलो, तर उस्तादांनी कॉलर धरून मागं ओढलं. "गले में कुछ लटका, तो इंजन के पास आने का नक्को." त्यांच्या हनुवटीखाली जुना वण आहे. इंजिनाच्या पंख्यात गळ्यातला रुमाल गेला होता म्हणे. आम्ही लिंगायत, माझ्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत. पूजेपुरतं तळहातावर घेतो, एरवी कळायला लागल्यापासून अंगावरून उतरलेलं नाही.
"वो नै निकलता, उस्ताद."
"तो फिर दूर से देख, बेटा."
मायेनं म्हणाले, म्हणून जास्तच लागलं. दिवसभर तीन हात लांब उभा.

७ मे
अजून लांबूनच. आता डोळे मिटले तरी इंजिन दिसतं. दुपारी ओट्यावर पडलो होतो. गोदावरीच्या वाळूतून माझी मोटार चाललीय, धूर नाही, कुणाचे कपडे काळे होत नाहीत. भट्टी एवढीशी, जेवणाच्या डब्याएवढी, आणि तिच्या आत मी बसवलेली... तेवढ्यात आईनं चहाला हाक मारली. आत काय बसवलं होतं, ते काही केल्या आठवेना.
हैदराबादेस इंजिनिअरिंगला जायचंच. मोटारी बनवायच्या. आप्पांना विचारायचं राहिलंय, म्हणजे सगळंच राहिलंय.

९ मे
विचारलं. आप्पा दुकानात धोतरजोड्यांच्या घड्या घालत होते. वर बघितलंच नाही.
"घरचं कापडाचं दुकान सोडून हात काळे करायला हैदराबादला जायलास व्हय?" मग हळूच, "तिथं लिंग काढाय लावतेत का?"
अड्ड्यावरचं कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. म्हणालो, काढायचं न्हाई, दंडाला बांधायचं. उस्तादांचा ताईत तसाच आहे, बाहीखाली.
"लिंग काय गाठोडं हाय का, सोयीनं हलवायला?"
संपलं. जेवण गेलं नाही. आई खादीची एक पट्टी घेऊन शिवत बसली.

१२ मे
नवल! आप्पा स्वतः अड्ड्यावर. मला जेवायला बोलवायला म्हणे. आजवर कधी आले नाहीत.
"एवढं काय बघतूस रे ह्याच्यात?" म्हणत चालू इंजिनावर वाकले. आणि वाकूनच राहिले! चेहरा असा, जत्रेत आलेल्या पोरासारखा. सदऱ्यातून त्यांची डबी बाहेर आली, पंख्यापुढं झुलायला लागली. उस्ताद ओरडले, "सावकार, पीछे!" मी आप्पांना कवेत धरून मागं खेचलं. लहानपणानंतर इतक्या जवळ कधी गेलो नव्हतो. छाती केवढी धडधडत होती त्यांची.
मग दोघं घरी निघालो. ते डबी मुठीत धरून चालत होते.

१३ मे
सकाळची पूजा झाली. तळहातावरचं लिंग डबीत ठेवलं, गळ्यात घालणार, तर आप्पा म्हणाले, "थांब. आण इकडं."
आईनं शिवलेली पट्टी त्यांच्या हातात! डबी तिच्यात गुंडाळून माझ्या डाव्या दंडाला बांधायला लागले. मला एकदम भरून आलं. हैदराबादचं विचारावं, ओठावर आलं होतं, धीर झाला नाही.
"घट्ट झालं का?"
"न्हाई, आप्पा."
त्यांनी आणखी एक गाठ मारली.